एसयूव्हीमधील कूलंट : बाटली भरलेली असूनही इंजिन का तापते?

अजिंक्यतारा (धागाकर्ता)

गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटात आमची आठ वर्षांची सात आसनी डिझेल गाडी बंद पडली. जाताना बोगद्यातून निघून जाता येई, पण येताना तेव्हा घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि सुटीतल्या रविवारी त्या चढावर वाहनांची रांग कशी लागत असे हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. गाडीत सातजण, टपावर सामान, एसी चालू आणि वेग माणसाच्या चालीएवढा, अशा अवस्थेत वीसेक मिनिटे गेली. तापमानाचा काटा तोवर अगदी मध्यावर होता, आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत तो लाल रेषेपलीकडे गेला व बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. निघण्यापूर्वी मी स्वतः कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पाहिली होती आणि पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये होती, म्हणून हा प्रकार मला अनाकलनीय वाटला.

साताऱ्यात गाडी उघडल्यावर जे दिसले त्यात अनाकलनीय काहीच नव्हते. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंट थेंबथेंब झिरपत होते. पंपाचे सील जाऊ लागले की ते कळावे याच हेतूने ते छिद्र ठेवलेले असते. पातळी बोटभर उतरली की मी घरच्या बोअरचे पाणी ओतत असे, आणि हे मी तीन वर्षे केले. म्हणजे बाटली भरलेली होती, पण आत कूलंट जवळपास उरलेच नव्हते. बाहेर आलेले द्रव चहाच्या रंगाचे होते, सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकले होते, आणि हेड फेसिंग (ते पुन्हा सपाट करणे), गॅस्केट (हेडखालची सील), पंप व मजुरी मिळून ४०,००० रुपयांच्या वर खर्च आला.

त्यानंतर जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते येथे मांडतो.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली उष्णता मुख्यतः कूलंटला वाहून न्यावी लागते. नव्या डिझेल गाड्यांत हा भार आणखी वाढला आहे, कारण धुरातला काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर आणि बऱ्याच गाड्यांत ऑइल कूलरही त्याच कूलंटवर चालतो. उष्णता वाहण्याच्या कामात मात्र शुद्ध पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनापेक्षा सरस आहे, ही गोष्ट मला प्रथम विचित्र वाटली. मग एथिलीन ग्लायकॉल कशासाठी घालायचे? आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठते, पण त्यापायी कोणाचा रेडिएटर फुटल्याचे ऐकिवात नाही. आपल्याला ग्लायकॉल हवे ते उत्कलनबिंदूसाठी. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब बहुतेक गाड्यांत चौरस सेंटीमीटरला १ ते १.१ किलोच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ घरच्या कुकरच्या शिट्टीएवढाच, आणि त्या दाबाखाली हेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. याउलट महाबळेश्वरच्या उंचीवर साधे पाणी उघड्यावर ९५ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची रबरी सील कडक झाली असेल, आत निव्वळ पाणी असेल आणि गाडी घाटात असेल, तर हाताशी काही अंशांचेच अंतर उरते, आणि माझ्या गाडीत तेवढेही उरले नव्हते.

काट्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक नव्या गाड्यांत काटा खऱ्या तापमानाबरोबर हलत नाही. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच धरून ठेवलेला असतो, जेणेकरून चालकाने उगाच घाबरू नये. त्यामुळे तो हलू लागला की इशाऱ्याचा काळ संपलेला असतो. शिवाय सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच त्याचे मोजमाप विश्वासार्ह. कूलंट निघून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो.

आता दोन प्रश्न विचारतो. जुने पाणी पूर्ण कसे काढावे? आणि गॅरेजमध्ये मला ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, पुन्हा गाडी तापणार नाही’ असे सांगण्यात आले, ते ऐकावे का?

माणदेशी

आमच्याकडे दहिवडी-आटपाडी भागात बोअरचे पाणी किती जड असते, हे पाणी तापवायच्या भांड्यात डोकावले तरी कळते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापल्यावर क्षार होऊन बसते, आणि ते बसते नेमके जिथे धातू सर्वांत गरम असतो तिथे, म्हणजे सिलिंडर हेडच्या बारीक वाटांत. हा थर उष्णता अडवतो, म्हणून बाहेरचे पाणी फारसे तापलेले नसले तरी आतला धातू तापतो. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला छिद्रे पाडते, ते वेगळेच.

याच्या जोडीला एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जपानी पद्धतीच्या कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून फॉस्फेट असते, आणि जड पाण्यात फॉस्फेट कॅल्शियमशी संयोग पावून खाली बसते. म्हणजे उत्तम प्रतीचे घट्ट (पाणी न मिसळलेले) कूलंट आणून त्यात बोअरचे पाणी मिसळले, तर क्षारही मिळतात आणि गंजरोधकही वाया जाते. युरोपातील उत्पादकांनी तिकडच्या जड पाण्यामुळेच फॉस्फेट टाळून सिलिकेट व सेंद्रिय आम्लांचा मार्ग धरला.

जुनी जीप

आपले लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. आमच्या वडिलांची जीप वीस वर्षे विहिरीच्या पाण्यावर चालली. कुंभार्ली घाटात मध्येच थांबून गाडीला पाणी पाजायचे आणि पुढे निघायचे, एवढाच काय तो सोपस्कार असे. तेव्हा कोणाला ग्लायकॉल ठाऊक नव्हते आणि सिलिंडर हेडही सहसा वाकत नसत. आताच्या गाड्या नाजूक करून ठेवल्या आणि मग औषधे विकायला काढली, असे माझे मत आहे.

मिरजेचा रेडिएटरवाला

जुन्या जीपचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते अर्धे मी हातांनी दुरुस्त केलेले आहे. मिरजेत माझे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान बरीच वर्षे होते. त्या काळी ब्लॉक व हेड दोन्ही बिडाचे असत, पाण्याच्या वाटा रुंद असत आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. तो क्षारांनी तुंबला की आम्ही टाक्या डाखावरून सोडवून, नळ्यांत सळई फिरवून, पुन्हा डाख देत असू. आता रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि नळ्या चपट्या व अरुंद आहेत. त्यात सळई जात नाही. तुंबला की बदलावाच लागतो. इंजिनात बीड, ॲल्युमिनियम, तांबे व डाख एकाच पाण्यात भिजत असतील, तर गंजरोधकाशिवाय त्यांतील दुबळा धातू झिजणारच. जीप वीस वर्षे चालली हे मान्य, पण त्या वीस वर्षांत रेडिएटर किती वेळा माझ्यासारख्याकडे आला होता, ते वडिलांना एकदा विचारा.

थर्मोस्टॅटविषयी स्पष्ट सांगतो : काढू नका. त्यात मेण भरलेली एक डबी असते. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते व रेडिएटरकडची वाट उघडते. अनेक इंजिनांत त्याच्याच दुसऱ्या टोकाला आणखी एक चकती असते, जी त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. संपूर्ण थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, काही कूलंट रेडिएटरला न भेटताच इंजिनात फिरत राहते, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापू शकते. सपाटीवर उलटे होते; इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, डिझेल जास्त जाते, आणि बीएस सहा या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांत काजळीची गाळणी स्वतःला साफ करू शकत नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा घालावा. पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह उकळून तो उघडतो की नाही हे घरीसुद्धा पाहता येते.

सांगली-साताऱ्याकडची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, जी पुस्तकात मिळणार नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की जळालेल्या पाचटाची राख, ट्रॉल्यांमधून उडणारा चोथा आणि रस्त्याची धूळ एसीच्या कंडेन्सरमधून आत शिरते आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत अडकते. समोरून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते. माझ्याकडे ‘कूलंट बदलले तरी गाडी तापते’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत त्या फटीत अक्षरशः नमद्यासारखा थर सापडला. हंगाम संपल्यावर एकदा ती फट उघडून आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवावी. जोराचा फवारा मारला तर पत्र्याच्या बारीक पापण्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

अजिंक्यतारा

धन्यवाद. ती फट उघडून पाहिली. वर्णन करण्याजोगे दृश्य नव्हते.

द्राक्षबाग

मी तासगावचा. आमच्याकडे द्राक्षांची गोडी पाहायला ब्रिक्स मीटर असतो. गॅरेजवाल्याकडे कूलंट तपासायला तसेच दुर्बिणीसारखे उपकरण पाहिले आणि प्रश्न पडला की आमचाच मीटर वापरता येईल का? दोन्हीकडे थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरायचा असतो.

अजिंक्यतारा

हा प्रश्न फार आवडला, म्हणून शेजारच्या बागायतदाराकडून मीटर आणून प्रयोगच केला. दोन्ही उपकरणे एकच गोष्ट मोजतात, ती म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो. फरक फक्त पट्टीवर छापलेल्या आकड्यांचा आहे. एथिलीन ग्लायकॉलचे निम्मे-निम्मे मिश्रण ब्रिक्सच्या पट्टीवर तिसाच्या आसपास पडते. आपल्याकडचे बरेच मीटर ३२ पर्यंतच मोजतात, त्यामुळे रेषा अगदी टोकाला दिसते. अचूकतेसाठी नव्या घट्ट कूलंटचे व डिस्टिल्ड वॉटरचे समान माप छोट्या बाटलीत मिसळून त्याचे वाचन लिहून ठेवावे आणि गाडीतल्या द्रवाची तुलना त्याच्याशी करावी. माझ्या गाडीतून काढलेल्या जुन्या द्रवाचा आकडा पाच होता. एवढ्या गोडीचे द्राक्ष कोणी तोडायलाही जाणार नाही.

एक मर्यादा मात्र आहे. मीटर ग्लायकॉल किती ते सांगतो, गंजरोधक शिल्लक आहे की नाही ते सांगत नाही. कूलंट जुने होते तेव्हा ग्लायकॉल बव्हंशी तसेच राहते. संपते ते गंजरोधक, आणि ग्लायकॉलचा थोडा भाग उष्णतेने व हवेने आम्लांत बदलतो. यासाठी सामू (पीएच) पाहावा, आणि माती परीक्षणामुळे हा शब्द आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. नव्या कूलंटचा सामू साधारणपणे ७.५ ते ११ च्या दरम्यान असतो. तो सातपर्यंत किंवा खाली आला असेल, तर वर्षांचा हिशोब न करता कूलंट बदलावे. मीटर वापरल्यावर काच नीट धुवून मालकाला परत करावी, कारण हे द्रव विषारी आहे.

नवशिका चालक

दुकानात हिरवे, लाल, गुलाबी, निळे असे कूलंट मिळते. पूर्वी लाल असेल तर लालच घालायचे, एवढा नियम पुरेसा आहे का? आणि आरओचे पाणी चालेल का?

मिरजेचा रेडिएटरवाला

रंग म्हणजे केवळ मिसळलेला रंग असतो. त्याला कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या सिलिकेट पद्धतीचे, तर दुसरीचे हिरवे सेंद्रिय आम्लांचे असू शकते. जुन्या पद्धतीचे साधारण दोन वर्षांत बदलावे लागते आणि सेंद्रिय आम्लांचे पाच वर्षे किंवा अधिक टिकते. दोन्ही एकत्र केले तर दीर्घायुषी कूलंटचे आयुष्य घटते आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळही होतो. डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी प्रमाण लिहिले आहे का ते पाहावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल तेच घ्यावे. ज्या स्वस्त डब्यावर ग्लायकॉलचा उल्लेखच नसतो, त्यात रंगीत पाणी व थोडे गंजरोधक असण्याची शक्यता फार. ‘जास्त घट्ट तर जास्त चांगले’ हाही समज चुकीचा आहे. ६० टक्क्यांच्या वर गेले की उष्णता वाहण्याची क्षमता कमी होते.

आरओचे पाणी अडीअडचणीला बोअरपेक्षा पुष्कळ बरे, पण त्यातही क्षार उरतातच. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते आणि त्याची किंमत हेडच्या फेसिंगपुढे नगण्य असते.

अजिंक्यतारा

जुने पाणी काढण्याचा हिशोब मांडतो, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. माझ्या गाडीत एकूण ९ लिटर कूलंट मावते, परंतु रेडिएटरचा नळ उघडला की सुमारे ५ लिटर बाहेर येते. उरलेले ४ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत अडकून राहते. ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा काढले, तर जुने द्रव ४४ टक्के शिल्लक राहते. दुसऱ्या वेळी २० आणि तिसऱ्या वेळी ९ टक्के. तीन फेऱ्यांनंतर पाणी स्वच्छ दिसू लागले.

आता आत ४ लिटर जवळपास शुद्ध पाणी आहे. त्यावर ५ लिटर तयार निम्मे-निम्मे मिश्रण ओतले, तर ग्लायकॉल अडीच लिटर म्हणजे जेमतेम २८ टक्के होते, आणि मालक मात्र निम्मे-निम्मे भरल्याच्या समाधानात राहतो. म्हणून मी ४.५ लिटर घट्ट कूलंट व अर्धा लिटर पाणी घातले. तयार मिश्रणच वापरायचे असेल, तर ब्लॉकचा नळ उघडून शक्य तेवढे पाणी काढून घ्यावे.

भरताना गाडीचे नाक चढाकडे ठेवले, हीटर पूर्ण गरमवर केला आणि सावकाश ओतत गेलो, जेणेकरून हवा अडकू नये. वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवले आणि थंड झाल्यावर उतरलेली पातळी भरली.

पशुवैद्यक, वाई

काढलेले द्रव कोठे टाकले, हे कोणीच लिहिले नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि जनावरे ते आपणहून पितात. दहा किलोच्या कुत्र्याला घट्ट कूलंटचे ५०-६० मिलिलिटर जीवघेणे ठरू शकते. मांजराला त्याहून कितीतरी कमी. शरीरात त्याचे ऑक्झॅलेट होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. अंगणात सांडलेले पाण्याने पातळ करून सोडून देऊ नये, माती किंवा भुसा टाकून उचलावे. घमेल्यात काढलेले द्रव गोठ्याजवळ रात्रभर उघडे ठेवू नये. जनावराने चाटल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात आणावे, कारण उपचाराचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो.

अजिंक्यतारा

झाकण लावलेल्या कॅनमध्ये ठेवले आहे आणि वापरलेले ऑइल जेथे जमा होते त्या गॅरेजला देणार आहे. आपण विचारले नसते, तर मी ते लिहायचे विसरलोच असतो.

नवशिका चालक

शेवटची शंका. पसरणीच्या घाटात काटा वर जाऊ लागला तर नेमके काय करावे? काहीजण म्हणतात इंजिन लगेच बंद करावे, काहीजण म्हणतात चालू ठेवावे.

मिरजेचा रेडिएटरवाला

दोन्ही बरोबर आहेत, परिस्थिती पाहून. काटा वर सरकत आहे पण वाफ नाही, अशा वेळी एसी बंद करून हीटर व पंखा पूर्ण सोडावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, मात्र मेमध्ये आत बसणाऱ्यांचा संयम हवा. बाजूला थांबून इंजिन संथ चालू ठेवावे, म्हणजे पंप व पंखा काम करत राहतात. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली, तर आत कूलंट उरलेले नाही असे समजून इंजिन तत्काळ बंद करावे. पुढचा अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. दाब सुटताच आतले द्रव क्षणात उकळून अंगावर येते, आणि त्याने भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. हेडला तडा जातो.

धागाकर्त्यांनी आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. हेड एकदा वाकलेले असल्यामुळे सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, आणि खाली थेंब नसताना पातळी उतरते का, हे महिनाभर पाहावे. यांपैकी काही सतत दिसत राहिले तर गॅस्केट पुन्हा गळत असण्याची शक्यता फार.

अजिंक्यतारा

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. पहिल्या चार दिवसांत पातळी बोटभर उतरली, ती अडकलेली हवा निघाल्यामुळे असावी. डिस्टिल्ड वॉटरने भरली आणि त्यानंतर खुणेवरच आहे. होज सकाळी मऊ असतो. रेडिएटरचे झाकण नवे घेतले आहे, त्यावरचा आकडा जुन्याशी जुळतो याची खात्री करून. ब्रिक्स मीटरचे वाचन २९, सामूची पट्टी आठ-नऊच्या दरम्यान. गेल्या रविवारी घरच्या सर्वांना घेऊन यवतेश्वरच्या घाटाने कासपर्यंत जाऊन आलो. काटा हलला नाही, परंतु आता मी काट्याकडे पाहत नाही, दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बाटलीकडे पाहतो आणि पातळी उतरलेली दिसली तर आधी गाडीखाली वाकून पंपाचे ते छिद्र तपासतो.